आकाशांतून दिसणारें सोलापूर

नऊशें किलोमीटर उंचीवरून फिरणारा एखादा उपग्रह सोलापूरवरून जातो तेव्हां त्याच्या यंत्रांत जो प्रकाश शिरतो, तो सगळाच आपल्या शेतांवरून आलेला नसतो. त्यांतला कांहीं भाग जमिनीला शिवलेलाच नसतो. सूर्यापासून निघून हवेंतील कणांवर आपटून तो परस्पर वर गेलेला असतो. उलट जमिनीवरून निघालेल्या प्रकाशापैकीं कांहीं वाटेंतच हरवतो. शिवाय जमीन कांहीं पाटासारखी सपाट नाहीं. डोंगराची एक बाजू उन्हांत असते तेव्हां दुसरी सांवलींत असते, आणि एकच गवत दोन्ही बाजूंस असलें तरी चित्रांत तें दोन निरनिराळ्या वस्तूंसारखें दिसतें. म्हणून उपग्रहाचें चित्र वाचण्यापूर्वीं त्याचें शोधन करावें लागतें, हवेचें शोधन आणि भूपृष्ठाच्या चढउतारांचें शोधन.

श्रोतेहो, हा विषय केवळ शास्त्रज्ञांच्या खोलींतला आहे असें कृपा करून समजूं नका. एखाद्या तालुक्यांत दुष्काळ आहे कीं नाहीं, हें ठरवितांना आज अशा चित्रांतून काढलेले आंकडे सरकारपुढें असतात. चित्रांत हवेचा दोष राहिला, तर हिरवें पीक वाळलेलें दिसूं शकतें. शोधन फाजील झालें, तर वाळलेलें पीक हिरवें ठरूं शकतें. तेव्हां हें शोधन कसें होतें आणि त्याची परंपरा कोठून सुरू होते, हें पाहणें अगत्याचें आहे. ही परंपरा उपग्रहांपेक्षां फार जुनी आहे, आणि तिचे कांहीं महत्त्वाचे टप्पे सोलापूरच्या शेजारींच घडलेले आहेत.

पहिला टप्पा इंदापूरचा. पेशवाई बुडाल्यावर दहा-बारा वर्षांतच पुण्याकडील असिस्टंट कलेक्टर प्रिंगल यानें शेतांचें निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसविण्याचा घाट घातला. हिशेब कागदावर मोठा शास्त्रशुद्ध होता. पण सारा इतका जड झाला कीं इंदापूर तालुक्यांत कुळें जमिनी टाकून निघून गेलीं. तेव्हां १८३६ सालीं गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघां अधिकाऱ्यांनीं त्याच तालुक्यांत नव्यानें मोजणी सुरू केली, आणि १८४०च्या आगेमागें तीच पद्धति सोलापूर जिल्ह्याच्या तालुक्यांत आली. या पद्धतींतील प्रतबंदी मोठी लक्षांत ठेवण्यासारखी आहे. जमिनीच्या नऊ प्रती केल्या होत्या. पावणेदोन हात खोल असलेली उत्तम काळी जमीन सोळा आण्यांची, आणि तेथून खालीं उतरत उतरत अगदीं हलकी जमीन दोन आण्यांची. परंतु रंग आणि खोली पाहून काम संपत नसे. चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, पाणी न मुरणें, पुराचें पाणी वरून वाहणें, असे सात दोष ठरविलेले होते. प्रत्येकाला एकेक खूण होती, आणि दोष आढळला कीं जमीन एक प्रत खालीं येई. त्या सात दोषांपैकीं एक दोष होता उताराचा. शेत उतरतें असेल तर नकाशाच्या चौकटींत तशी खूण करून त्याची किंमत कमी धरावयाची.

उतारावरील मातीची किंमत आणि उतारावर पडणारा प्रकाश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें खरें. पण जें डोळ्याला दिसलें त्यांत जमिनीच्या ठेवणीप्रमाणें ठराविक दुरुस्ती करावयाची आणि ती दुरुस्ती मोजणाऱ्याच्या लहरीवर न सोडतां नियमानें बांधावयाची, ही कल्पना या भागांत तेव्हांच रुजली. प्रिंगलचा हिशेब फसला तो गणितांत नव्हे. ज्या आंकड्यांवर गणित उभें होतें, ते आंकडेच कच्चे होते, आणि त्यांची शहानिशा करण्याची सोय त्यांत नव्हती.

दुसरा टप्पा याहून जुना, आणि तो हवेविषयींचा आहे. १८०२ सालीं मद्रासजवळ पायारेषा मोजून लॅम्टन यानें हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला. त्याची मुख्य रांग ७८ अंश रेखांशाच्या बाजूनें उत्तरेस सरकत गेली. १८१५ सालीं बीदरजवळ दामरगिद्दा येथें त्यानें आणखी एक पायारेषा मोजली. तेथून सोलापूर फार तर दोनशें किलोमीटर पश्चिमेस आहे. पुढें याच पायारेषेपासून त्रिकोणांची एक रांग पश्चिमेस मुंबईकडे नेण्यांत आली. लॅम्टन १८२३ सालीं वर्ध्याकडील हिंगणघाट येथें मरण पावला आणि काम एव्हरेस्टकडे आलें.

या लोकांना हवेनें फार छळलें. दख्खनच्या काळ्या सपाटीवर दुपारीं ऊन तापलें कीं दूरच्या ठाण्यावरील निशाण नाचूं लागे, त्यामुळें आडवे कोन सकाळीं, संध्याकाळीं किंवा रात्रीं दिवे लावून घ्यावे लागत. उलट उभे कोन मात्र दुपारींच घेत. कारण प्रकाशाचें वक्रीभवन दुपारीं सर्वांत कमी आणि त्यांतल्या त्यांत स्थिर असतें. रात्रीं हवेचा खालचा थर थंड व दाट झाल्यामुळें प्रकाशकिरण अधिक वांकतो, आणि दिवसा क्षितिजाआड असलेलें ठाणें रात्रीं उचलल्यासारखें वर दिसतें. मोजणाराला त्याचा फायदा होई, कारण न दिसणारा दिवा दिसूं लागे; पण तो जेथें दिसे तेथें तो नसे. पुढें हिमालयांतील पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची उंची शंभर मैलांहून अधिक अंतरावरून मोजली गेली. तेव्हां वक्रीभवनाची दुरुस्ती किती धरावी यावरच निकाल अवलंबून होता. राधानाथ शिकदार यांचें नांव त्या गणिताशीं जोडलेलें आहे. १८५६ सालीं २९,००२ फूट ही उंची जाहीर झाली, आणि त्या शिखराला एव्हरेस्टचें नांव मिळालें.

डोंगरांनींही या मोजणींत आपला हात दाखविला. उत्तरेकडील कलियाना व मध्य हिंदुस्थानांतील कलियानपूर या दोन ठाण्यांमधील अक्षांशांचें अंतर ताऱ्यांवरून एक येई आणि जमिनीवरील मोजणीवरून दुसरें. फरक होता ५.२३६ विकलांचा. ओळंब्याला हिमालय आपल्याकडे ओढतो म्हणून हा फरक पडत असावा, असें धरून १८५५ सालीं प्रॅट यानें गणित केलें, तर उत्तर जवळजवळ तिप्पट आलें! पर्वत दिसतो तितका ओढत कां नाहीं, या प्रश्नांतून पर्वतांखालीं हलका खडक खोलवर गेलेला असतो ही कल्पना निघाली. शोधन करूं गेलेल्या माणसाला दुरुस्ती बाजूला राहून नवेंच शास्त्र सांपडलें, असे प्रसंग विज्ञानाच्या इतिहासांत फार नाहींत.

आतां प्रकाशाकडे वळूं. सोलापूरच्या ईशान्येस एकरूख तलाव बांधून पुरा झाला तें वर्ष १८७१. योगायोगानें त्याच वर्षीं इंग्लंडांत स्ट्रट, म्हणजे पुढचे लॉर्ड रॅले, यांनीं आकाश निळें कां दिसतें याचें गणित प्रसिद्ध केलें. हवेचे सूक्ष्म रेणु आंखूड लहरींचा प्रकाश अधिक उधळतात, आणि तो किती अधिक, तर लहरीच्या लांबीच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणांत. सामान्य भाषेंत बोलावयाचें तर निळा प्रकाश हा डोळ्यांना न दिसणाऱ्या जवळच्या अवरक्त प्रकाशाच्या सुमारें तेरापट उधळला जातो. धूळ आणि धूर यांचे कण मोठे असल्यामुळें त्यांना हा नियम लागत नाहीं. त्यांचें गणित १९०८ सालीं जर्मनींत मी यांनीं मांडलें. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालच्या सागरप्रवासांत समुद्राच्या निळाईचा विचार केला तोही याच मार्गावरचा. यांपैकीं कोणाच्याही मनांत उपग्रह नव्हता. पण आज चित्र शुद्ध करणारा संगणक यांचींच सूत्रें वापरतो.

पहिला भूनिरीक्षक उपग्रह, ज्याला पुढें लँडसॅट हें नांव मिळालें, तो २३ जुलै १९७२ रोजीं अमेरिकेनें सोडला. महाराष्ट्राला तें वर्ष विसरणें शक्य नाहीं. त्याच पावसाळ्यांत आभाळ फिरलें आणि सोलापूरसकट सगळा अवर्षणी पट्टा खडी फोडण्याच्या कामांवर गेला. गांवाचें पीक किती आलें हें त्या काळीं आणेवारीवरून ठरे. रुपयांत किती आणे पीक, हा अंदाज महसूल खात्यांतील माणूस शेतांत उभा राहून करी. पुढें आण्यांचे पैसे झाले, आणि पन्नास पैशांच्या आंत पैसेवारी आली कीं टंचाई मानण्याची रीत पडली. त्या अंदाजावर वाद झाले नाहींत असें वर्ष विरळा.

आपल्या देशांतही हालचाल सुरू झालेली होती. १९७० सालीं पिशारोटी यांनीं केरळांत नारळाच्या रोगट झाडांचीं हवाई छायाचित्रें अवरक्त फिल्मवर घेतलीं. भारतांतील दूरसंवेदनाचा आरंभ तेथून मानतात. हैदराबादेस राष्ट्रीय दूरसंवेदन संस्था १९७४ सालीं निघाली, १९७९ सालीं भास्कर उपग्रह सुटला, आणि १७ मार्च १९८८ रोजीं बैकानूरहून आय्.आर्.एस्. मालिकेंतील पहिला उपग्रह वर गेला. तो ९०४ किलोमीटर उंचीवरून फिरे, बावीस दिवसांनीं त्याच जागेवर परत येई, आणि त्याच्या एका कॅमेऱ्याचा चित्रबिंदु साडेबहात्तर मीटरांचा, दुसऱ्याचा त्याच्या निम्मा होता.

आतां प्रश्न आला कीं या चित्रांत सोलापूरची जमीन कशी दिसते? येथेंच आपल्या काळ्या मातीची अडचण उभी राहते. काळी माती प्रकाश फार थोडा परत पाठविते. वस्तु उजळ असेल तर तिच्यावर पडलेला हवेचा पातळ पडदा फारसा बाधत नाहीं. पण वस्तूच काळी असेल तर तोच पडदा निम्म्याशिम्म्या उजेडाचा मालक होऊन बसतो. पांढऱ्या धोतरावरील राख कोणाच्या लक्षांत येत नाहीं, काळ्या घोंगडीवरची लगेच दिसते, तसा हा प्रकार आहे.

एक हिशेब करून पाहूं. पिकाचा हिरवेपणा मोजण्यासाठीं अवरक्त प्रकाशांतून तांबडा वजा करतात आणि त्या दोहोंच्या बेरजेनें भागतात. येणाऱ्या संख्येला वनस्पति-निर्देशांक म्हणतात. समजा, फुलोऱ्यांत आलेली शाळू ज्वारी तांबड्यापैकीं ६ टक्के आणि अवरक्तापैकीं ३० टक्के प्रकाश परत पाठविते. तर निर्देशांक आला २४ भागिले ३६, म्हणजे ०.६७. आतां धुरकट हवेनें तांबड्यांत ३ टक्के आणि अवरक्तांत १ टक्का स्वतःची भर घातली. मग हिशेब होतो २२ भागिले ४०, म्हणजे ०.५५. शेतांत कांहींच बदललेलें नाहीं; एकही पान सुकलें नाहीं; तरी कागदावर पीक मोठ्या प्रमाणांत उतरलें. मोहोळच्या संशोधन केंद्रांतून निघालेल्या मालदांडी ज्वारीवर ज्यांचें वर्ष अवलंबून असतें, त्यांना या दुसऱ्या अपूर्णांकाची किंमत सांगावयास नको.

हा पडदा दूर करण्याची सर्वांत साधी युक्ति अशी. चित्रांत अशी जागा शोधावी कीं जेथून प्रकाश जवळजवळ येऊंच नये, म्हणजे खोल स्वच्छ पाणी किंवा डोंगराची गडद सांवली. तेथें यंत्राला जो उजेड दिसतो तो हवेचाच असला पाहिजे. तेवढा साऱ्या चित्रांतून वजा करावा. १९८८ सालीं अमेरिकेंतील चावेझ यांनीं या रीतीला अधिक पक्कें रूप दिलें. हवेचा एक थर सगळ्या रंगांना सारखा वजा न करतां रंगारंगाप्रमाणें कमीजास्त करावा, असें त्यांनीं दाखविलें. गोष्ट सोपी वाटते. पण सोलापुरांत काळी जागा शोधावयाची कोठें? उजनीचा जलाशय विस्तारानें मोठा खरा. परंतु पावसाळ्यांत त्याचें पाणी गढूळ असतें आणि पुढें शेवाळ्यानें हिरवें होतें, तेव्हां त्याला शून्य मानलें कीं वजाबाकी अधिक होते आणि पिकाला नसलेला हिरवेपणा मिळतो. एकरूख, होटगी हे तलाव उन्हाळ्यांत उथळ होतात. डोंगराच्या सांवल्या येथें तुटपुंज्या. माझ्या मतें अशा जिल्ह्यांत ही सोपी रीत आंधळेपणानें वापरणें म्हणजे खोट्या वजनानें धान्य मोजणें होय.

यासाठीं दुसरा मार्ग आहे तो पदार्थविज्ञानाचा. सूर्य किती उंच आहे, हवेंत बाष्प व धूळ किती आहे, यंत्र कोणत्या कोनांतून पाहतें, हें सगळें सांगून संगणकाकडून प्रकाशाचा संपूर्ण प्रवास मांडून घ्यावयाचा. १९९७ सालीं व्हर्मोट व त्यांचे सहकारी यांनीं प्रसिद्ध केलेलें सूत्रसंच यासाठीं जगभर वापरांत आलें. त्यांतील मख्खी एकच कीं धूळ किती हें कोणी सांगावयाचें? पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंत सूर्यप्रकाश मोजून हवेंतील कणांचा अंदाज घेणारें यंत्र वर्षानुवर्षें चालत आलें आहे. त्याच संस्थेनें ढग व हवेंतील कण यांवरील आपला मोठा प्रयोग २००९ सालीं सुरू केला, आणि २०१८ व २०१९ सालच्या पावसाळ्यांत त्याचें ठाणें सोलापूरला होतें. विमानें ढगांत शिरलीं, जमिनीवर रडार व कणमापक यंत्रें बसलीं. त्या प्रयोगाचा हेतु पाऊस पाडण्याचा होता, आणि बीजारोपण केलेल्या ढगांच्या वाऱ्याच्या दिशेस शंभर चौरस किलोमीटरांत सरासरी १८ टक्के अधिक पाऊस झाल्याचें त्यांनीं पुढें प्रसिद्ध केलें. पण पर्जन्यछायेंतल्या या पठारावरच्या हवेंत कोणते कण किती असतात याची जी माहिती त्यांतून हातीं आली, ती चित्रें शुद्ध करणाऱ्यालाही मोलाची आहे.

आतां चढउतार. उपग्रह सकाळीं साडेदहाच्या सुमारास येतो. डिसेंबरांत त्या वेळीं सोलापुरांत सूर्य क्षितिजापासून सुमारें ४३ अंश वर असतो, जूनमध्यें सुमारें ६८. नुसत्या या फरकामुळें सपाट शेतावर डिसेंबरांत पडणारा थेट प्रकाश जूनच्या तीन-चतुर्थांश असतो. सह्याद्रींत प्रकार आणखी बिकट. जेथून भीमा निघते त्या भीमाशंकराकडील एखादा ३५ अंशांचा, सूर्याकडे पाठ केलेला कडा घेतला, तर डिसेंबरांत त्यावर पडणारा थेट प्रकाश सपाट जमिनीच्या जेमतेम एक-पंचमांश भरतो. म्हणून त्या चित्रबिंदूला पांचानें गुणावें, ही झाली सरळ त्रिकोणमिति. पण असें केलें कीं कडा उन्हांतल्या कड्यापेक्षांही झगझगीत दिसूं लागतो! कारण त्याला थेट ऊन नसलें तरी आकाशाचा उजेड मिळतच होता, आणि आपण त्यालाही पांचपट केलें. हा अतिरेक आवरण्यासाठीं १९८२ सालीं कॅनडांतील तैये व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गुणकांत एक मर्यादा घालण्याची रीत सुचविली. चंद्राच्या पृष्ठासाठीं मिनार्ट यांनीं १९४१ सालीं काढलेलें सूत्रही याच कामीं आलें.

सोलापुरांत काय? एक अंशाच्या उताराला ही दुरुस्ती अवघी दोन टक्क्यांची होते. बार्शीच्या बाजूस बालाघाटाच्या टेकड्या आणि माळशिरसाकडे महादेवाचे डोंगर सोडले, तर जिल्ह्याचा बराचसा भाग असाच मंद उताराचा. अशा ठिकाणीं उंचीच्या नकाशांतील बारीकसारीक चुकाच खरा उतार समजून दुरुस्ती केली जाते, आणि नसलेल्या लाटा शेतांत उमटतात. तेव्हां हवेचें शोधन येथें नेहमींच हवें, चढउताराचें मात्र हात राखून.

जागेचा प्रश्न मात्र निराळा. उंच जागा तिरपी पाहिली कीं ती चित्रांत सरकते. १९८८च्या उपग्रहाच्या चित्रांत कांठावरील पांचशें मीटर उंचीचा डोंगर चाळीसएक मीटर, म्हणजे एखाद्या चित्रबिंदूइतका सरके. कोणी फारशी पर्वा केली नाहीं. पण १९९५ सालीं सुटलेल्या आय्.आर्.एस्. १-सी या उपग्रहाचा कॅमेरा २६ अंशांपर्यंत वळूं शके आणि त्याचा चित्रबिंदु ५.८ मीटरांचा होता. तोच डोंगर आतां पाव किलोमीटरहून अधिक सरकूं लागला. शेताचा सर्व्हे नंबर शेजाऱ्याच्या शेतावर जाऊन पडावा अशी ही गत. ५ मे २००५ रोजीं सुटलेल्या कार्टोसॅट-१ वर म्हणून दोन कॅमेरे बसविले, एक २६ अंश पुढें पाहणारा आणि एक ५ अंश मागें. दोन डोळ्यांनीं जशी खोली कळते तशी त्यांच्या चित्रांवरून देशभर उंचींचा नकाशा तयार झाला.

दुष्काळाच्या कामीं या सगळ्याचा उपयोग १९८९ पासून सुरू आहे. त्या सालीं राष्ट्रीय पातळीवर उपग्रहावरून शेतीच्या दुष्काळाची पाहणी चालू झाली. २०१६ सालीं केंद्र सरकारनें नवी दुष्काळ संहिता काढली. तींत पाऊस, पेरा, जमिनींतील ओल आणि जलसांठे यांच्या जोडीला उपग्रहावरचे निर्देशांक आले, आणि शेवटीं निवडक गांवांत प्रत्यक्ष शेतावर जाऊन खातरजमा करण्याची अट राहिली. ऑक्टोबर २०१८ मध्यें महाराष्ट्रानें १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो या संहितेच्या चौकटींत. या पद्धतींत यंदाच्या हिरवेपणाची तुलना मागल्या वर्षांच्या त्याच आठवड्यांशीं होते. एका वर्षीं हवा स्वच्छ आणि दुसऱ्या वर्षीं धुरकट असेल, आणि शोधन नीट झालें नसेल, तर तुलना पिकांची न होतां हवेची होते. शेतावर जाऊन पाहण्याची अट ठेवली हें म्हणूनच शहाणपणाचें झालें. कांहीं उत्साही लोक ती वेळखाऊ म्हणून काढावी असें म्हणतात, तें मला पटत नाहीं.

युरोपचे सेंटिनल-२ नांवाचे उपग्रह २०१५ व २०१७ सालीं सुटल्यापासून दहा मीटरांचीं चित्रें, हवेचें शोधन होऊन, पांच दिवसांच्या अंतरानें कोणालाही फुकट मिळूं लागलीं. तरी एक अडचण उरतेच. खरिपाच्या ऐन दिवसांत आभाळ ढगांनीं भरलेलें असतें, आणि ढगाखालचें शेत कोणत्याही गणितानें दिसत नाहीं. त्याला उपाय रडारचा. त्याच्या लहरी ढगांतून पार होतात. ३० जुलै २०२५ रोजीं श्रीहरिकोट्याहून सुटलेला निसार हा भारत व अमेरिका यांचा उपग्रह असाच असून तो बारा दिवसांनीं त्याच जागेवर येतो. रडारला हवेचा त्रास थोडा. पण तिरपें पाहणें हाच त्याचा धर्म असल्यामुळें सह्याद्रींतील कडे त्याच्या चित्रांत उपग्रहाकडे झुकून पायथ्यावर कोसळल्यासारखे दिसतात, आणि त्यांच्यामागची दरी दिसतच नाहीं. भीमा सह्याद्रि सोडून उजनीच्या खालीं सपाटीवर उतरली, म्हणजे हा उपद्रव सरतो. पंढरपूर, मंगळवेढा, मोहोळ येथील रानें रडारला भर पावसांतही दिसतात.